वर फोर्स येत नाही

आमच्या सोसायटीत माणसांना आडनावं आहेत, पण ती गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुरती. पाण्याचा विषय निघाला की आडनाव गळून पडतं आणि फ्लॅटचा नंबर उरतो. ‘४०१ला फोर्स नाही’, ‘१०२नी पाइप लावून गाडी धुतली’, ‘३०३चा फ्लश रात्रभर गळतो, पण ते कबूल करत नाहीत.’ शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातलं कोणीतरी वाचेल आणि सध्या येतं तेवढंही पाणी यायचं थांबेल, अशी आमच्या सेक्रेटरींना धास्ती आहे. मध्यम आकाराचं शहर आहे, धरण तासाभरावर आहे, नदी गावातून वाहते आणि नळाला पाणी सकाळी साडेपाच ते सात येतं. एवढ्या वर्णनावरून कोणी शहर ओळखेल ही भीती नाही, कारण निम्म्या महाराष्ट्राला ते लागू पडतं.

‘पाणी आलं का?’ असं विचारणारा माणूस बहुधा स्वतः नळापाशीच उभा असतो. तोटी उघडी असते, खाली बादली असते, बादलीत कालचा मग उपडा पडलेला असतो. तरीही तो जिन्यातून वर तोंड करून ओरडतो. पाण्याची बातमी त्याला समोर दिसतेच आहे. त्याला हवी असते ती शेजाऱ्याची बातमी. ‘नाही हो, आमच्याकडेही ठणठणाट!’ असं वरून उत्तर आलं की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते प्रत्यक्ष पाणी आल्यावरही पसरत नाही. ‘आमचं भरून झालं’ असं कोणी म्हटलं तर मात्र तो माणूस थेट सेक्रेटरींकडे जातो.

या प्रश्नाचं खरं उत्तर जाणणारा गावात एकच माणूस असतो, चावीवाला. ऑफिसच्या कागदावर तो व्हॉल्व्हमन असतो. जुन्या मोटरसायकलला आडवी बांधलेली, कमरेएवढी लांब लोखंडी चावी, वर आडवा दांडा. आमच्या कोपऱ्यावर तो थांबतो, रस्त्यातलं झाकण पहारीने उचकटतो, आतला कचरा आणि एखादं पाण्याच्या पाऊचचं प्लास्टिक बाजूला सारतो, चावी आत सोडून न बघता बरोबर जागी बसवतो आणि दोन्ही हातांनी फिरवू लागतो. या वेळी १०३मधल्या आजी गॅलरीत हजर असतात. त्या फेरे मोजतात. जप करता करता मोजतात, त्यामुळे माळ कोणत्या हिशेबाची चालली आहे ते देवालाच ठाऊक. चावीवाला गेला की त्या आत येऊन जाहीर करतात, ‘काल चौदा दिले होते, आज अकराच दिले. आज वर चढायचं नाही.’ आणि नाही चढत.

आजींचं शास्त्र पक्कं आहे. त्या व्हॉल्व्हच्या पोटात लोखंडी पडदा असतो, तो फेऱ्याफेऱ्याने वर उचलला जातो. पूर्ण उचलला तर सगळं पाणी उताराच्या वस्तीकडे धावतं आणि टेकाडावरच्या लोकांना नळातून वारा येतो. म्हणून कुठे अर्धा, कुठे पाव असा तो अडवून ठेवावा लागतो. कोणत्या गल्लीखालून कोणता पाइप जातो, तो कुठे वळतो आणि कुठे कोणाच्या कंपाउंडखाली गडप होतो, याचा नकाशा ऑफिसात असेल-नसेल. चावीवाल्याच्या डोक्यात आहे. त्याच्या पुतण्याच्या लग्नाला आमच्या भागातले झाडून सगळे सेक्रेटरी अहेर घेऊन गेले होते. त्याच महिन्यात आमदारांच्या घरी कार्य होतं, तिथे एकालाही जायला सवड झाली नाही.

आता मुख्य तक्रार. ४०१वाल्यांनी चौथा मजला घेतला तो हवा मिळावी म्हणून. ती मिळाली, नळातूनही मिळते. त्यांनी बाथरूम नव्याने करून घेतली आणि जेवणाच्या ताटाएवढा चकचकीत शॉवर छताला लावला. दुकानात त्या शॉवरखाली मुसळधार पाऊस पडत होता. घरी त्यातून न पिळता दोरीवर टाकलेल्या शर्टासारखं पाणी ठिबकतं. ४०१वाले त्याखाली उभे राहून एकेका थेंबाची वाट बघतात आणि शेवटी बादली-मगानेच उरकतात. त्यांनी सोसायटीला अर्ज दिला की, वरची टाकी लहान आहे, म्हणून दाब नाही, तरी दुप्पट मोठी टाकी बसवावी आणि खर्च सर्वांत विभागावा.

‘सर्वांत विभागावा’ हे शब्द वाचताच सभेला कोरम भरला. २०२मधल्या निवृत्त विज्ञानाच्या सरांनी प्रात्यक्षिक ठेवलं. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, तिला तापवलेल्या दाभणाने एकाखाली एक पाडलेली तीन भोकं, त्यांवर सेलोटेप. बाटली भरली, टेप ओढली. वरच्या भोकातली धार बाटलीच्या अंगावरूनच ओघळली, मधल्यातली वीतभर लांब गेली आणि खालच्यातली थेट सेक्रेटरींच्या मिनिट्स बुकावर पडली.

‘बघा,’ सर म्हणाले, ‘पाण्याचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावर पाणी किती उंच उभं आहे, एवढंच. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, दर चौरस सेंटिमीटरवर. टाकी हजार लिटरची की दहा हजारांची, याने काही फरक पडत नाही. ४०१च्या शॉवरपासून टाकीचा तळ फार तर दोन मीटर वर आहे. म्हणजे किलोचा पाचवा हिस्सा. तेच पहिल्या मजल्याला किलोभराहून जास्त मिळतं.’

‘म्हणजे मी टाकीच्या सगळ्यात जवळ राहतो, म्हणून मला सगळ्यात कमी?’

‘हो.’

४०१वाले बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘सर, ते बाटलीचं झालं. आपण बिल्डिंगबद्दल बोलतोय.’

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण धरणाच्या भिंतीखालच्या गावांनी केली असणार, आणि तिथे ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण ४०१च्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. टाकी त्यांच्या उशाच्या बरोबर वर येते. रात्री ती भरायला लागली की त्यांना स्वप्नात धबधबा दिसतो, असं त्यांच्या सौ. सांगतात.

पुढे त्यांनी स्वतःपुरता प्रेशर पंप बसवला. शॉवर सुरू केला की पंप घूंऽऽ करतो आणि पाऊस पडतो. फक्त तो पंप गच्चीवरून येणाऱ्या सामाईक पाइपातून पाणी ओढतो, त्यामुळे ४०१च्या आंघोळीच्या वेळी ३०१चा नळ खोकतो. मग ३०१नी पंप बसवला. मग २०१ खोकायला लागले. सध्या लढाई पहिल्या मजल्यापर्यंत उतरली आहे, जिथे मुळात दाबाची काहीच अडचण नव्हती. पण शेजारी पंप आहे आणि आपल्याकडे नाही, हीसुद्धा एक अडचणच झाली.

हे सगळं घरगुती दाबाचं. सरकारी दाबाचं गणित आणखी मजेशीर आहे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेत कित्येक वर्षं असं माप होतं की, एकमजली घरापाशी पाण्याला ७ मीटर चढण्याइतका दाब असावा, दुमजलीपाशी १२ आणि तीन मजलीपाशी १७ मीटर. शिवाय माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे पुस्तकाप्रमाणे नगरपालिकेचं पाणी पंपाशिवाय आपापलं तिसऱ्या मजल्यावर चढायला हवं. आमच्याकडे ते रस्त्यावरून गेटच्या आत येतं तेच दमून, आणि आवारातल्या जमिनीखालच्या टाकीत उतरतं. तिथून पुढे त्याला आमच्या मोटरने, आमच्या वीजबिलावर, गच्चीवर न्यायचं आणि तिथून ते पुन्हा खाली यायचं. इमारत चार मजली आहे, पण पाण्याच्या हिशेबात आम्ही जमिनीखाली सहा फुटांवर राहतो.

म्हणून मग लोक लाइनलाच डायरेक्ट मोटर लावतात. हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मोटर कोणाकडेही नसते. पायरीच्या बाजूला पुठ्ठ्याचं खोकं असतं, खोक्यावर कुंडी असते आणि पहाटे साडेपाचला कुंडी थरथरते. नगरपालिकेचं पथक आलं की सगळी गल्ली झोपेतून उठल्यासारखी दारात उभी राहते. यातली खरी भीती दंडाची नाही. लाइनमध्ये पाणी कमी असताना मोटरने ओढ लावली की पाइप जे मिळेल ते आत घेतो. पाइपाला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर तेही. ‘आज पाण्याला वास का येतोय?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा त्या थरथरणाऱ्या कुंडीखाली असतं.

दाबाच्या सगळ्याच तक्रारींमागे एवढं मोठं राजकारण असतं असंही नाही. ३०२च्या काकूंच्या स्वयंपाकघरातली धार दिवसेंदिवस बारीक होत करंगळीएवढी झाली. काकूंचा संशय आधी वरच्यांवर गेला, मग चावीवाल्यावर, मग नव्या नगरसेवकावर, कारण काकूंनी मत दुसऱ्याला दिलं होतं आणि ते त्यांना कळलं असणार. शेवटी प्लंबर आला. त्याने आधी भिंतीला कान लावला, जो प्रत्येक प्लंबर लावतो आणि का ते सांगत नाही. मग नळाच्या तोंडाशी फडकं गुंडाळलं, पान्याने हलकेच एक पीळ दिला आणि बोटाच्या पेराएवढी गोल जाळी हातात काढली. जाळीवर पांढऱ्या क्षाराचा थर चढलेला, त्यात वाळूचे चार कण, काळ्या वायसरचा एक तुकडा आणि टेफ्लॉन टेपचा गुंता. ‘काकू, फोर्स इथे अडकलाय,’ तो म्हणाला. जाळी वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. धार अशी सुटली की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर भिजलं. काकूंनी त्याला पैसे दिले, पण मनापासून नाही. एवढ्या दिवसांचा संशय एका जाळीत निघावा, हे त्यांना बरं वाटलं नाही. नगरसेवकाबद्दलचं त्यांचं मत अजून तेच आहे.

आंघोळीतल्या प्रश्नाला तर उत्तरच नको असतं. बाथरूममधून आरोळी येते, ‘अरे, नळ कोणी उघडला?’ आतल्या माणसाने गीझरचं गरम आणि टाकीचं गार असं जुळवून बेतशीर पाणी केलेलं असतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणी तांब्या विसळायला गार नळ सोडतं. गार पाण्याचा पाइप दोघांत एकच. गाराचा दाब पडतो, गरमाचा तसाच राहतो आणि आतला माणूस भाजतो. घरातल्या सगळ्यांना ही यंत्रणा पाठ असते, आणि जिथे नवरा-बायकोचा अबोला असतो तिथे भांडी याच वेळी घासायला घेतली जातात.

रंगाचे प्रश्न वेगळे. नळ पहिल्यांदा फुसफुसतो, मग दोन उचक्या देतो, मग दुधासारखं पांढरं पाणी येतं. ‘पावडर जास्त टाकलीय,’ असं घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर, गावाकडे तिला टीसीएल म्हणतात. तिने पाणी पांढरं होत नाही. तो पांढरेपणा बारीक हवेचा असतो, रिकाम्या लाइनमध्ये कोंडलेल्या. काचेच्या पेल्यात धरून बघा, पाणी खालून वर निवळत जातं, कारण बुडबुडे वर चढतात. माती असती तर उलट झालं असतं, वरून निवळलं असतं आणि तळाला गाळ बसला असता. जूनच्या अखेरीस तेही बघायला मिळतं. मग घरोघर तुरटीचा खडा निघतो आणि हंड्यात गोल फिरवला जातो. शुद्धीकरण केंद्रातही मूळ युक्ती तीच, तुरटीच. फक्त तिथे ती पोत्यांनी लागते.

काही बाबतींत मात्र बायका शास्त्रज्ञांच्या पुढे असतात, हे मान्य करायला हवं. ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ हे वाक्य ऐकून नवरे हसतात. पण ते खरं आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीचा दाणा घट्ट करतं, साबणालाही फेस येऊ देत नाही. आमच्याकडे टाकीत नळाचं संपून बोअरचं सोडलं की सेक्रेटरींनी ग्रुपवर कळवायच्या आधी दुसऱ्या शिट्टीला २०३च्या वहिनींना कुकरवरून कळतं.

या सगळ्यावर इलाज घेऊन एक दिवस शुद्ध पाण्याच्या यंत्राचा विक्रेता आला. गळ्यात टाय, हातात दोन पेले आणि लोखंडी दांड्या असलेलं एक डबडं. एका पेल्यात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. डबड्याची वायर भिंतीत खोचली, दांड्या दोन्ही पेल्यांत सोडल्या. मिनिटभरात आमच्या पाण्याचा तपकिरी चिखल झाला, त्याचं स्फटिकासारखं राहिलं. जमलेल्या बायकांनी ‘अगंबाई!’ म्हणून पोटावर हात ठेवले. आजवर आपण काय प्यायलो हे त्या पेल्यात दिसत होतं.

सर कोपऱ्यात उभे होते. त्यांनी घरातून चिमूटभर मीठ आणून विक्रेत्याच्या स्फटिकासारख्या पाण्यात टाकलं आणि म्हणाले, ‘आता सोडा दांड्या.’ त्या पाण्याचा आमच्यापेक्षा जास्त चिखल झाला. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी दांडीच झिजून पाण्यात उतरते. तो तपकिरी रंग दांडीचा असतो. विक्रेता म्हणाला, ‘सर, तुम्ही कोणत्या कंपनीचे?’ मग त्याने टीडीएस मोजायची काडी काढली. आमच्या नळाचा आकडा आला ११८. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत निश्चिंत प्यावं आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंतही चालवून घ्यावं. एवढं होऊनही तीन घरांनी यंत्र घेतलं. त्या यंत्रातून एक पेला पिण्याचं निघतं तेव्हा निदान तेवढंच, बहुधा त्याहून जास्त, बारीक नळीतून मोरीत जातं. ते मोरीत जाणारं पाणी बादलीत धरून त्याने फरशी पुसावी, असा ठराव पुढच्या सभेत मंजूर झाला. अंमलबजावणी बाकी आहे.

ऑगस्ट उजाडला की वर्तमानपत्रात धरणांचे तक्ते येतात आणि एक नवा प्रश्न जन्माला येतो: धरण भरलं, मग नळाला पाणी का नाही? मराठी माणूस एरवी घनफूट म्हणजे काय ते सांगू शकणार नाही, पण टीएमसीत तो बोलतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २८०० कोटी लिटर. पुण्याच्या वरची खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी, हे पुणेकराला स्वतःच्या बँकेतल्या शिलकीपेक्षा नीट ठाऊक असतं. कोयना १०५. सोलापूरकडे तर आणखी बहार. उजनीत मृतसाठाच ६३ टीएमसीहून जास्त, त्याच्या खाली पातळी गेली की धरण ‘मायनस’मध्ये जातं. जगात इतरत्र रिकामं धरण शून्यावर थांबत असेल. उजनी शून्याच्या खालीही निवांत चाळीस-पन्नास टक्के उतरते आणि सोलापुरात चहाच्या टपरीवर ‘मायनस वीस झाली’ असं एक जण सांगतो तेव्हा दुसरा ‘अजून लई हाय’ म्हणतो.

धरण आणि नळ यांच्या मध्ये जॅकवेल आहे, पंप आहेत, फिल्टर हाउस आहे, उंच टाकी आहे, चावीवाला आहे, गळके जोड आहेत आणि शेवटी आपल्या कनेक्शनचं अर्धा इंची भोक आहे. २९ टीएमसी असलं तरी घरात यायचं ते त्या अर्ध्या इंचातून. पण हे कोणाला सांगून पटत नाही. ‘धरण भरलंय ना?’ हा प्रश्न म्हणून विचारलेला नसतोच, तो आरोप असतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे मनमाडची मावशी राहायला आली आणि आमच्या तक्रारींची पंचाईत झाली. मावशी ज्या काळात मनमाडला नांदली तेव्हा तिथे नळाला पंधरा-पंधरा, कधी वीस-वीस दिवसांनी पाणी येई. वागदर्डी धरण आटलेलं, पालखेड कालव्याचं आवर्तन सुटलं तर सुटलं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं तेव्हा सगळा देश हळहळला. मावशी म्हणाली होती, ‘निदान वेळापत्रक तरी असेल.’ आमच्याकडे पहिल्याच सकाळी तिने एक दृश्य पाहिलं. सहाला नळ आला, आणि माझ्या बायकोने कालचा भरलेला हंडा मोरीत ओतून ताजा भरून घेतला.

‘का गं ओतलंस?’

‘शिळं होतं, मावशी.’

मावशीने पदर तोंडाला लावला. तिला आधी वाटलं, पाण्यात पाल पडली. मग सगळा उलगडा झाला. ‘धरणात ते गेल्या जुलैपासून पडलंय,’ ती म्हणाली, ‘तिथे ताजं, आणि तुमच्या हंड्यात एका रात्रीत शिळं?’ त्या दिवसापासून आमच्याकडे पाणी ओतताना मोरीचं दार लावून घेतलं जायचं.

तिची शिस्त बघण्यासारखी होती. भाजी धुतलेलं पाणी भांडी विसळायला, विसळणीचं तुळशीला. कपड्यांच्या शेवटच्या खळबळणीचं संडासात. कोणत्या पिंपाला हिरवं फडकं आणि कोणत्याला पांढरं, यावरून तारीख कळायची. तिच्या आठवणीतला एक प्रसंग तर सरकारी कामकाजाच्या पुस्तकात घालावा असा आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आरोग्य खात्याची बाई दारात येऊन सांगे, ‘आजी, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी पिंपं रिकामी करा.’ आणि नळ पंधरा दिवसांनी. मावशीने तिला विचारलं, ‘बाई, पाणीवाले आणि तुम्ही एकाच नगरपालिकेचे ना? एकदा सोबत जेवायला बसत जा.’

मावशीच्या मुक्कामातच आमच्या भागात चोवीस तास पाण्याच्या योजनेची माणसं मीटर दाखवायला आली. योजना नवलाची नाही. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली. कारणही सरळ आहे: लाइन कायम भरलेली आणि दाबाखाली राहिली तर बाहेरची घाण आत शिरत नाही; चीर असली तर पाणी बाहेर येतं आणि दिसतं. मीटर हवेवर फिरतो ही जी तक्रार आहे, आणि ती खोटीही नाही, तीसुद्धा उरत नाही, कारण लाइनमध्ये हवाच राहत नाही. शिवाय साठवायचं कारण संपलं की ओतायचंही संपतं. अभियंता तरुण होता, तळमळीने समजावत होता. ४०१नी विचारलं, शॉवरला फोर्स येईल का. तो म्हणाला, टाकीच्या जागी थेट लाइन घेतलीत तर येईल. ३०२च्या काकूंनी विचारलं, नगरसेवकाचा यात हात आहे का. १०३च्या आजींनी विचारलं, व्हॉल्व्ह कायम उघडा राहणार, तर मग तो चावीवाला काय करणार? त्याच्या घरी मुलं लहान आहेत.

अभियंत्याने सगळ्यांना उत्तरं दिली. मग मावशीने हात वर केला.

‘चोवीस तास पाणी येणार म्हणता?’

‘हो आजी. दिवस-रात्र. केव्हाही तोटी फिरवा, पाणी.’

‘ते कळलं,’ मावशी म्हणाली. ‘पण मग भरायचं कधी?’

तो गप्प झाला. आम्हीही गप्प झालो, कारण सभेत हा प्रश्न कोणाच्याच लक्षात आला नव्हता आणि ऐकल्यावर सगळ्यांनाच तो रास्त वाटला. सेक्रेटरींनी ते भिजून वाळलेलं मिनिट्स बुक उघडलं आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर नोंद केली: विषय क्रमांक ७, चोवीस तास पाणी सुरू झाल्यास ते भरण्याची वेळ सर्वानुमते ठरवणे. ४०१नी लगेच पहाटे साडेपाच सुचवली. त्या वेळी फोर्स चांगला असतो, असं ते म्हणाले.